समुद्रापर्यंत एक शब्द नाही

१८ जानेवारी, पहाटे. भुसावळ.
निघालो. जब्बारच्या जुन्या जीपवर दोन तंबू, स्टोव्ह, पाण्याचे कॅन आणि माझी पुस्तकांची पेटी. (पेटी कोणीतरी सारखी उतरवत होतं. मी सारखी चढवत होतो.) भुसावळ, चोपडा, शिरपूर, धुळे, साक्री, मग डहाणू आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली. महिनाभर. मुक्काम फक्त तंबूत. मी, इंदिरा, आमचा गॅरेजवाला मित्र जब्बार आणि त्याची नूरबी.

इंदिराने अजून समुद्र पाहिलेला नाही. लग्न झाल्याझाल्या दाखवीन, असा शब्द मीच दिला होता. पण पुढे प्रत्येक सुट्टीत कुठे ना कुठे माझं व्याख्यान निघालं. 'थुंकीमुक्त शहर' चळवळीला सुट्टी नसते. तिला पहिल्यांदा समुद्र दिसेल तेव्हा मी शेजारी असणार. त्या क्षणी काय बोलायचं तेही तयार आहे. सुरुवात भूगर्भशास्त्राने.

तिची एकच अट. वाटेत भाषण नाही. केलं तर जिथे केलं तिथून एसटीने घरी, बाकीचे पुढे जातील. मी हसून मान्य केलं. खरा वक्ता मौनाचं सामर्थ्य जाणतो. या विषयावर मी दीड तास बोललेलो आहे.

१९ जानेवारी. चोपडा.
जीवरामच्या केळीच्या बागेत तंबू ठोकला. जीवराम म्हणजे जब्बारचं जुनं गिऱ्हाईक. त्याला तोंडात तंबाखू धरून बांधावर थुंकताना पाहिलं. भाषण केलं नाही. मार्गदर्शन केलं. मुखकर्करोगापासून सुरुवात करून रोमन साम्राज्याच्या स्वच्छतागृहांपर्यंत आलो, तेवढ्यात तो म्हणाला, भाऊ, बठ्ठं समजनं, पन मोटर चालू शे, बंद करी येस. गेला. जेवायच्या वेळेपर्यंत आला नाही. शेतकऱ्याची कामावरची निष्ठा थक्क करणारी आहे.

इंदिराने जब्बारकडे पाहिलं. जब्बार म्हणाला, अक्का, ऐकणारा पळून गेला तर भाषण धरू नका, जाऊ द्या.
निर्णय माझ्या बाजूने.

२१ जानेवारी. धुळ्याच्या अलीकडे, पेट्रोल पंप.
एका ट्रकवाल्याने खिडकीतून पिचकारी मारली. माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर. मी स्वतःवर ताबा ठेवून त्याच्याशी फक्त एक वाक्य बोललो. वाक्य एकच होतं, हे जब्बारलाही मान्य आहे. पूर्णविराम यायला डिझेल भरून, हवा तपासून, चहा होईपर्यंत वेळ लागला, एवढंच.

ट्रकवाला शेवटी म्हणाला, काका, तुम्ही रिटायर का? घरी कोणी बोलत नाही का तुमच्याशी?
नूरबीला हसताना ठसका लागला.

इंदिरा हसली नाही. म्हणाली, आता पुढच्या वेळी जब्बारभाऊंना विचारणार नाही.
संकल्प: उद्यापासून पूर्ण मौन. आवश्यक तेवढंच बोलायचं. आवश्यक काय ते मी ठरवीन.

२२ जानेवारी, संध्याकाळ. साक्रीच्या पुढे.
आजचा मुक्काम द्राक्षमळ्यात. मळेवाले वाइन करतात आणि पाहुण्यांना वेलींच्या कडेला तंबू लावू देतात. उद्या सकाळी टेस्टिंग. जब्बार आणि नूरबी घेत नाहीत. ती दोघं द्राक्षं खाणार आणि खिचडी टाकणार. मीही आयुष्यात घेतलेली नाही. परंतु अभ्यासकाला विषय वर्ज्य नसतो. पेटीतून द्राक्षसंस्कृतीवरचा ग्रंथ काढून वाचला. ग्रीकांपर्यंत आलो. बॅटरी संपली.

दिवसभर मौन. (जेवताना सोडून. आणि तंबू ठोकताना. तिथे सूचना द्याव्या लागल्या.)
इंदिराने विचारलं, समुद्र अजून किती लांब? मी एका शब्दात उत्तर दिलं. तिला नवल वाटलेलं दिसलं.

२३ जानेवारी, दुपार.
आधी नोंदवून ठेवतो. मी पूर्ण शुद्धीत आहे. अक्षर हललंय ते टेबल फोल्डिंगचं असल्याने.

टेस्टिंग उत्तम झालं. हॉलमध्ये नाशिकहून मिनीबसने आलेली पंधरा-वीस मंडळी. साक्रीचीच एक मुलगी, दिपमाला, सांगत होती: ग्लास फिरवा, वास घ्या, घोट जिभेवर घोळवा, पेरूचा वास येतो का बघा. मला वाचनालयाचा आला. इंदिरा म्हणाली, चिंचेच्या सारासारखं लागतंय.

मग दिपमालाने स्टीलची बादली पुढे केली आणि म्हणाली, आता यात थुंका.
थुंका.

बावीस वर्षं. शाळा, कॉलेजं, बसस्टँड, पोलीस लाइन. मी गिळलं. पुढचा घोटही गिळला. गुलाबी गिळली. तांबडी आली तिच्यात थोडा तुरटपणा होता, तोही गिळला. इंदिरा मात्र पदर सांभाळून बादलीत नेमकं थुंकत होती. माझ्या घरात. म्हणजे माझ्या घरातली. मन विषण्ण झालं.

त्यानंतर मी खुर्चीवर उभा राहिलो. केवळ सर्वांना नीट दिसावं म्हणून. दोन शब्द बोललो.
सभा जिंकली. (सभा नव्हे. उपस्थिती.) उजवा हात पुढे करून शपथ दिली: मी थुंकणार नाही, थुंकू देणार नाही. सगळ्यांनी घेतली. आणि पाळली. बादली कोरडी राहिली. दिपमाला म्हणत होती, सर, थुंकायचंच असतं, नाहीतर चढते. तिला मंडळींनीच गप्प केलं. एका सद्‌गृहस्थांनी माझे पाय धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. ते उठू शकत नव्हते, असं मागाहून आत आलेल्या जब्बारचं मत. बावीस वर्षांत प्रथमच श्रोत्यांनी माझं शंभर टक्के ऐकलं.

इंदिरा हॉलमध्ये दिसत नाही. बहुधा भारावली असावी.
झोपतो. अभ्यास पुष्कळ झाला.

२४ जानेवारी, सकाळ. साक्री बसस्टँड.
डोकं दुखतंय. थंडीमुळे.

जब्बारने वृत्तांत सांगितला. म्हणाला, भाऊ, तुमचा आवाज जीपपर्यंत येत होता, खिचडी करपली तरी तुम्ही रोमनांवरच होता. नाशिकची मंडळी काल हलू शकली नाहीत, हॉलमध्येच सतरंजीवर झोपली.
माझा मुद्दा असा की ते भाषण नव्हतं, शपथविधी होता. तो मी नीट मांडला. जब्बार वळून जीपचं बॉनेट पुसू लागला.

इंदिराने माझी पिशवी भरली. दशम्या बांधून दिल्या, चटणी वेगळी. आवाज चढवला नाही. जब्बारने माझी बाजू घेतली. अक्का, या वेळी माफ करा, समुद्र बघायला माणूस हवाच ना सोबत. नूरबी म्हणाली, भाऊ, तुम्ही माफी मागून टाका ना, दोन शब्दांत होतं ते. मी माफी मागायला उभा राहिलो. प्रस्तावना चालू असतानाच इंदिराने थांबवलं.

म्हणाली, माफ करायला माझं काही जात नाही. पण समुद्रासमोरही तुम्ही बोलाल. मला तो एकदा गुपचूप बघायचाय.
प्रस्तावना तिथेच सोडून मी पिशवी उचलली. हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

पुस्तकांची पेटी माझ्यासोबत उतरवली. कंडक्टर म्हणाला, आबा, हिचं वेगळं तिकीट घ्या.

२६ जानेवारी. भुसावळ.
कॉलनीत झेंडावंदन. दोन शब्द बोला असा आग्रह होईल म्हणून मागे उभा राहिलो. कोणी आग्रह केला नाही. लवकर आटोपलं.
वरण केलं. फोडणी करपली. कोणाला सांगायची सोय नाही.
संकल्प: ती तिघं परत येतील तेव्हा कमी बोलायचं. या संकल्पाची कारणं तीन भागांत लिहून काढली.

२८ जानेवारी, संध्याकाळ.
नूरबीने व्हिडिओ पाठवला. डहाणू.
इंदिरा वाळूत बसली आहे, पाठमोरी. पायांत चपला नाहीत. लाट येते, साडीचा काठ भिजतो, ती मागे सरकत नाही. बराच वेळ काहीच घडत नाही. एवढा वेळ तिला नुसतं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. घरी ती बसली की मी सुरू करतो.

शेवटी ती नूरबीकडे वळून म्हणते, हा पण थांबत नाही गं. पण याचं ऐकत राहावंसं वाटतं.
वाक्याच्या पहिल्या भागात माझी तुलना थेट समुद्राशी केली आहे. एवढा गौरव मला कुठल्याही व्यासपीठावर मिळाला नव्हता.
दुसरा भाग वाऱ्यामुळे नीट ऐकू आला नाही.

व्हिडिओ परत लावला.
नीट ऐकू आला.