नाजूक कानांचा बंदोबस्त

४ फेब्रुवारी
निर्णय झाला. कानांचा कायमचा बंदोबस्त करणार. माझे कान जन्मतः तीक्ष्ण आहेत. लोक त्याला चिडचिड म्हणतात. आजची सकाळ: शेजारचा मिक्सर, आळंदी रोडवरचे हॉर्न आणि आनंदीने सिंकमध्ये टाकलेला झारा. झारा सर्वांत वाईट. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, मग भांडी तुम्ही घासा, अगदी हळू घासा. विषय भरकटवण्यात बायको पटाईत आहे.

६ फेब्रुवारी
सदाशिव पेठेत कानाच्या डॉक्टरांकडे. दारावर पाटी: ‘त्रास थोडक्यात सांगावा.’ मी झाऱ्यापासून सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, झारा झाला, पुढे चला. तपासणीत ऐकणं उत्तम निघालं. मी म्हणतच होतो. काहींना आवाज जास्त बोचतात म्हणे. गोंगाटात प्लग घाला, पण दिवसभर नको, कान आणखी हळवे होतील. आणि घरच्या माणसांत तर नकोच. मी विचारलं, गोंगाट घरची माणसंच करत असतील तर? ते म्हणाले, जाताना पुढच्या पेशंटला आत पाठवा.
ठरलं. दिवसभर घालायचे.

११ फेब्रुवारी
फोमचे आणले. बोटांत वळून बारीक करायचे, कानात सरकवायचे, फुगेपर्यंत थांबायचं. जग बंद! मात्र स्वतःचं चावणं ऐकू येतं. पोहे खाताना डोक्यातून खडीचा ट्रक गेला.

१४ फेब्रुवारी
मेणाचे. केसांना चिकटतात. एक साहेबांच्या फायलीवर पडला. हे काय, म्हणाले. औषध आहे, म्हणालो. फाईल सही न होता परत आली.

२० फेब्रुवारी
सिलिकॉनचे, आत फिल्टरवाले. जाहिरातीत म्हटलंय, गोंगाट कमी, बोलणं स्पष्ट. खरं आहे. आनंदीचं बोलणं अगदी स्पष्ट येतं. हा दोषच म्हणायचा.

२६ फेब्रुवारी
लेक स्वराली जवळ येऊन बसली. मे महिन्यात तिचं लग्न. मुलगा अभय, चांगला आहे, हळू बोलतो. दोघांना विहारात साधं लग्न हवंय. वरात नको, डीजे नको. पण अभयच्या घरी त्याच्या नागोरावकाकांपुढे कुणाची बोलायची टाप नाही. पोरगी म्हणाली, पप्पा, डीजे लागला की तुम्ही कान धरून लांब जाऊन उभे राहाल. त्या दिवशी मला तुम्ही जवळ हवेत. रविवारी बैठकीत एवढंच म्हणा, डीजे नको.
बैठकीत मुलीच्या बापाने चारचौघांत एकदा मान डोलावली की शिक्कामोर्तब. म्हणून जबाबदारी मोठी. मी म्हणालो, बाळा, या विषयावर अख्ख्या पुण्यात माझ्याइतका तयार माणूस नाही.

१ मार्च, रविवार
बैठक. नागोराव खडकीहून आले. उभा जन्म कारखान्यात मशीनपुढे गेलेला. पाणी मागितलं तरी हुकूम वाटतो. सिलिकॉनमधून आवाज थेट मेंदूत. माझ्या भाषणासाठी कान ताजे हवेत म्हणून आत जाऊन फोमचे घातले. योजना अशी: ते बोलून दमतील, मी प्लग काढेन आणि मुद्दा मांडेन. तोवर शिष्टाचार म्हणून मान डोलावत राहिलो. नागोराव प्रसन्न दिसले. मीही प्रसन्न. मग सगळे उठले आणि माझ्या तोंडात पेढा आला.
प्लग काढले. आनंदी म्हणाली, अहो, डीजे, ढोल, वरात, तीही आपल्या गेटपासून. सगळं कबूल करून बसलात. मी म्हणालो, मी हो म्हटलेलं नाही. ती म्हणाली, तुमच्या मानेनं म्हटलं.
स्वराली उठली. आतल्या खोलीत गेली. दार आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

८ मार्च
खडकीला गेलो. शब्द फिरवणार नव्हतो, फक्त दुरुस्ती. प्लग घरी ठेवले, समोरासमोरची लढाई. नागोराव दारातूनच गरजले, या व्याही! तुमच्यासारखा समजूतदार माणूस बघितला नाही! पाठीवर थाप. वाक्य तयार होतं, पण वाक्याआधी मटण आलं. जेवताना ते इतके कडाडले की कान ठणकायला लागले. लवकर सुटका व्हावी म्हणून पुढच्या प्रत्येक गोष्टीला हो म्हटलं. त्यामुळे आता वरातीपुढे फेटा बांधून मीच चालणार.
घरी सांगितलं. स्वराली म्हणाली, राहू दे पप्पा, तुम्ही परत जाऊ नका. माझ्या प्रकृतीची काळजी, दुसरं काय.
एक फायदा आहे. फेटा कानावरून येतो.

१० मे
लग्न. फोमचे प्लग, वर फेटा. विश्रांतवाडीत मी एकटा शांत. आवाज काढून घेतला की नाचणारी माणसं डास मारत असल्यासारखी दिसतात. छातीत बसणाऱ्या ठोक्याला मात्र प्लग नाही. कंपनीने हे लिहायला हवं होतं.
विहारात पोचलो तरी कान दुखत होते, म्हणून प्लग राहू दिले. वंदनेला सगळ्यांचे ओठ हलले. मीही हलवले. आणि मी जवळच उभा होतो, अगदी पहिल्या रांगेत. दिलेला शब्द पाळला.
निघताना स्वरालीने माझा हात धरला. काहीतरी म्हणाली. मी मान डोलावली. ती बघत राहिली. मी पुन्हा डोलावली. मग ती गाडीत बसली.

११ मे
आनंदीला विचारलं, काल स्वराली काय म्हणत होती?
म्हणत होती, पप्पा, ते काढा ना, मला तुमच्याशी बोलायचंय.
मग पुढे काय बोलली?
आनंदी म्हणाली, तुम्ही काढलेत कुठे?

आज दिवसभर प्लग घातले नाहीत. घरात आवाजच नाही. गरज पडली नाही.
म्हणजे उपचार लागू पडला.