घाटाआधीचा गिअर

भोर, शनिवार

प्रिय सोनबा,

मेंगाईच्या कृपेने तू खुशाल असशील. घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

मागे तू आलास तेव्हा आपल्या ट्रकची तक्रार एकच होती, गिअर टाकताना करकर. तू इंजिन बंद करून गिअर टाकून दाखवलास, तो अलगद पडला. म्हणालास, अक्का, गिअरपेटी चांगली आहे, क्लच पुरता सुटत नाही. या लढाईच्या दिवसांतही कुठून तरी क्लचची प्लेट आणून बसवलीस, स्वतः चावडीपर्यंत चालवून आणलीस. काही आवाज नव्हता. तू गेलास आणि दुसऱ्याच फेरीला पुन्हा करकर. हे म्हणाले, "पुण्याचा मिस्त्री, नुसता पान्हा मिरवतो."

मला ते पटेना. घरच्या वहीतच मागच्या पानांवर टिपू लागले, करकर कोणत्या दिवशी, गाडी भरलेली की रिकामी, गार की तापलेली. कशाचाच मेळ लागेना. मग एकादशीला यांना ताप होता म्हणून आपला जुना गडी, म्हातारा चिमाजी, गाडी घेऊन कापूरहोळला गेला. दारातून गाडी निघाली ती मुकाट. परत आल्यावर त्याला विचारलं तर हसला. "वैनी, गाडीला काय बी झालं न्हाई. मालकास्नी म्हनावं, पाय पुरता दाबा." तो चेष्टेनं बोलला. मला मात्र फराळ गेला नाही.

तेव्हापासून गाडीचं सोडून मी यांच्या क्लच दाबायच्या डाव्या पायाकडे बघते. मंगळवारी अंगणातून आत आले ते एकाच पायात वहाण. डावी चिखलात रुतून राहिली होती, ती मी दाखवली तेव्हा यांना कळलं. परवा न्हाणीत डावी पोटरी तापल्या बंबाला टेकली, कातडं लाल झालं, आणि हे आपले स्तोत्र म्हणताहेत. वैद्याकडे चला म्हटलं तर, "तू चुलीकडं बघ, माझं तंगडं जाग्यावर हाय." महाडच्या फेरीला चिमाजीला पाठवा म्हटलं, तर ताटावरून उठले.

येत्या गुरुवारी हिरड्याची पोती घेऊन महाडला जायचं आहे. वरंध घाट तुला ठाऊक आहे. उतार लागायच्या आधी गिअर खाली घ्यावा लागतो, तो पडला नाही की गाडी मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर. पोत्यांवर नेहमीसारखी दहाबारा माणसं असणार. कोंडाबाई लेकीच्या बाळंतपणाला निघाली आहे, रोज दारात येऊन विचारते, "गाडी हाय न्हवं?" मी हो म्हणते.

सोनबा, हे पत्र यांनीच लिहायला लावलं आहे. क्लचच्या दांडीची पिन हरवली, नवी पाठव, एवढाच मजकूर त्यांनी सांगितला आणि ओट्यावर येरझाऱ्या घालताहेत. डाव्या पायाची फरफट इथवर ऐकू येते. यांना वाचता येत नाही, त्याचा मी आजवर कधी फायदा घेतला नव्हता. पिनेवाचून गाडी हलत नाही, पण ती हरवलेली नाही. काल हे देवळात गेले असताना गाडीखाली शिरून मीच ती काढली आणि देव्हाऱ्यात मेंगाईच्या टाकाखाली ठेवली. यांनी विचारलं, तेव्हा मी देवीसमोर बसूनच ठाऊक नाही म्हणाले. लोहाराने ठोकून दिलेली बसली नाही, पण दुसरी तो बुधवारी देणार आहे. तेव्हा पिन पाठवू नकोस, बुधवारच्या आत तूच ये. यांना चालवायला बसव, शेजारी बसून पाय बघ, आणि दोष कुठे आहे ते तुझ्या तोंडानं सांग. मिस्त्रीचं कदाचित ऐकतील. मग पुण्याला चांगल्या डॉक्टरकडे नेऊ. हे आत येताहेत. वाचून दाखव म्हणतील, मी पिनेपुरतं वाचून दाखवीन.

तुझीच,
अक्का