धारला लगेच उघडतं

१२ जाने., रवि.
इरा आली. एक रविवार आड येते; तिची आई मृणाल धारहून राऊपर्यंत आणते, तिथून पुढे देवासपर्यंत मी. तेरावं लागलंय, पण गाडीत बसल्याबसल्या पोहे-जलेबीच मागते.

टीव्हीवर गेम लावला, पुन्हा मगरीपाशी अडकलो. धरणाच्या तळातली लोखंडी मगर, दिवाळीपासून तीच. दोघांनी मिळून मारायची. एक मेला की दोघं मेले, मग परत लोडिंग. गेमचा डबा जुना, चकतीवरून वाचतो. चकती घुरघुरते, पडद्यावर गोल फिरत राहतो. मी चहा गाळून आणला तरी फिरतोच आहे. अख्ख्या दुपारीत जेमतेम चार-पाच डाव.

निघताना सहज म्हणाली, "समीरकाकांनी नवीनवाला घेतलाय. हा गेम पण आहे त्यात. लोडिंगच नाही बाबा, मेलं की फट से उभं."

समीर, मृणालचा आताचा नवरा. दोन वर्षं झाली लग्नाला. मी म्हटलं, "अरे वा."

१४ जाने.
संक्रांत. इराचा फोन. "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणाली आणि मागून समीरचा आवाज, "डावीकडे, इरा, डावीकडे." म्हणजे एका कानाला मी, दोन्ही हातांत तिकडचा कंट्रोलर.
गोड बोललो. ठेवला.

१८ जाने., शनि.
कारखान्यात मोटारीच बघतो, त्यामुळे कळायला अवघड नाही. चकती ठरावीक वेगानं फिरते. बाहेरच्या कडेवरचं भराभर वाचलं जातं, आतलं सावकाश. वर लेझरचा डोळा इकडून तिकडे सरकत शोधणार, त्यात आणखी वेळ. जास्त फिरवायला जावं तर चकती थरथरते. समीरच्या डब्यात गेम एकदा आत उतरवून घेतला की खेळताना फिरणारं काही नाहीच. सगळं चिपमधून.
समजलं. समजून बरं काही वाटलं नाही.

२६ जाने., रवि.
मगर शेपटी आपटायच्या आधीच इरा बाजूला झाली. आजवर कधी व्हायची नाही. मग तळात पाणी चढायला लागलं तर ही आधीच वरच्या पायरीवर. पाणी चढतं हे मला माहीतच नव्हतं, तिथवर आम्ही कधी पोचलोच नव्हतो.
मी बुडालो. लोडिंग.
"तिकडे मारलीत का?"
"किसको?"
"मगरीला."
पडद्याकडेच बघत होती. "हो."
"समीरबरोबर."
"बाबा, तिकडे कितीही वेळा मरता येतं. एका दुपारीत होऊन जातं. त्यात काही विशेष नाही."
"मग सांगितलं का नाहीस?"
"आपण मारणार होतो ना."
म्हणजे इतका वेळ माझ्यासाठी मरत होती. जेवण गेलं नाही नीट.

३० जाने.
शिफ्टमधला राजेश म्हणतो, "भिया, नया ले लो ना, झंझट खतम."
समीरनं घेतलं म्हणून मी घ्यायचं? त्यानं घेतलं म्हणूनच नाही घेणार.

८ फेब्रु., शनि.
इंदूरहून जुन्या डब्याला बसणारी हार्ड डिस्क आणली. चकतीवरचा सगळा गेम तिच्यावर उतरवला. गोल फिरायचा वेळ निम्म्यावर आला. थांबायला हवं होतं इथं. पण धारला गोलच नाही, हे डोक्यातून जाईना. गेम सुरू होताना डबा एकदा चकती तपासतो, म्हटलं तेवढाही वेळ का लागावा. ड्राइव्ह उघडला, लेझर पुसायला. लेझरची वायरपट्टी तुटली. आता चकती वाचत नाही, आणि चकती वाचल्याशिवाय हार्ड डिस्कवरचंही चालत नाही.
शिकाऊ पोरांना रोज ओरडतो, चालतं मशीन उघडू नका म्हणून.

९ फेब्रु., रवि.
इराला सांगितलं. ती म्हणाली, "चलो, टेकरीवर जाऊ." एवढंच. वाईट वाटायला हवं होतं तिला, थोडं तरी.
वर माताजींचं दर्शन घेतलं, मग कठड्याशी उभे होतो. बरं चाललं होतं. तेवढ्यात समीरचा व्हिडिओ कॉल. इरानं त्याला फोन फिरवून अख्खं देवास दाखवलं, शेवटी मला. "नमस्कार दादा. ऊन फार नाही ना तिकडे? इरानं टोपी नेली नाहीये."
खरंच नेली नव्हती. माझ्या लक्षात आलं नव्हतं.
माणूस चांगला आहे. वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

२३ फेब्रु., रवि.
राऊला इरा उतरली ती मोठी बॅग घेऊन. आत समीरचा डबा. वायरी गुंडाळून रबर लावलेल्या, वर जुन्या टॉवेलची घडी.
"समीरकाका म्हणाले, संडेला तिकडेच घेऊन जा."
जेवण होईपर्यंत बॅग सोफ्यापाशी तशीच. मग म्हणाली, "लावू?" म्हटलं, "लाव."
लावून हात धुवायला गेली. पडद्यावर जुना डाव दिसत होता, नाव 'इरा–समीर'. मगरीच्या कितीतरी पुढे पोचलेले. खाली 'पुसा' असा पर्याय. मी तिथं गेलो. दाबलं. 'कायमचं पुसायचं?' अंगठा 'हो'वर होता. किती वेळ, माहीत नाही. मग 'नाही' दाबलं.
मान वळवली तर इरा दारात. कधीची उभी होती कोण जाणे. टॉवेलला हात पुसत आली, शेजारी बसली, नवा डाव सुरू केला. नाव 'इरा–बाबा'.
मेलो, उठलो, मेलो, उठलो. श्वास घ्यायला फुरसत नाही. उन्हं उतरायच्या आत मगर मेली. इरानं उडी मारली सोफ्यावरून. मीही ओरडलो. आणि लगेच मनात, त्याच्याबरोबर मारली तेव्हाही अशीच उडी मारली असेल.
परतताना राऊला बॅग स्वतः उचलली, मला देईना.

२५ फेब्रु.
मृणालचा फोन. मेची सुट्टी अर्धी देवासला ठरली होती. आता इरा म्हणते, बघू.
मी विचारलं, "ती काही बोलली का?"
"कशाबद्दल?"
म्हणजे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. भांडून मोकळा झालो असतो.

९ मार्च, रवि.
येईल की नाही, धाकधूक होती. आली. बॅग नाही.
राऊच्या ढाब्यावर चहा. मीच काढलं. "त्या दिवशी तू बघितलंस."
"हो."
"दाबलं नाही मी."
"दाबलं असतं तरी चाललं असतं, बाबा. त्याची कॉपी नेटवर असते." कपातली साय चमच्यानं काढत होती. "पण मला वाईट वाटलं असतं."
मी म्हटलं, "मला राग समीरचा नाही येत. तू तिथं हसतेस, त्याचा येतो. लाज वाटते सांगायला."
"माहीत आहे मला." मग म्हणाली, "तिकडे असले की मला पण तुमच्यासाठी कसंतरी होतं. म्हणून फोन करते, तेव्हा नेमकं काका काहीतरी बोलतात मागून."
चहाचे पैसे दिले, निघालो.
घरी डबा बंदच. पत्ते खेळलो. हरली की चिडते, अजूनही.
निघताना म्हणाली, "मेमध्ये तुम्हीच धारला या ना. चार दिवस. मग मी तुमच्याबरोबर इकडे येईन. मी त्यांना विचारलंय. आई गप्प बसली. समीरकाका हो म्हणाले."
"त्यांच्या घरी राहू मी?"
"माझ्या पण घरी."
बघू म्हटलं. तिला आवडलं नाही ते.

११ मार्च
त्याच्या टेबलावर जेवायचं. त्यानं वाढायचं, मी पुरे म्हणायचं. त्याच्या सोफ्यावर बसून इरा कुणाच्या बाजूला सरकते ते बघायचं. जमणार नाही मला.
आणि नाही गेलो, तर ती तिथं, मी इथं, अख्खा मे.

१४ मार्च
धुळवड. राजेश रंग घेऊन आला होता, लवकर कटवला.
दुपारी मृणालचा मेसेज. "इरा विचारतेय, बाबांना वरची खोली की खालची? वरच्या खोलीत कूलर समीर आजच बसवून घेतोय."
उघडला. वाचल्याच्या निळ्या खुणा तिला दिसल्या असणार.
संध्याकाळ झाली. 'वरची' असं लिहून ठेवलंय. पाठवलेलं नाही.