अकरा वावांवरची होडी

आबा, तुमच्या होडीवर मी मासळी शोधायचं मशीन बसवलं आहे. तुम्ही असतात तर आधी हसला असतात आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलला नसतात. तुमच्याशी मी मालवणीशिवाय कधी बोललो नाही, पण कागद पुढे घेतला की हात शाळेतल्या मराठीकडे वळतो, तेवढं चालवून घ्या.

वेंगुर्ल्याच्या दुकानात दोन मशीनं समोर ठेवली होती. एक मोठं, नकाशासकट. दुसरं हाताच्या पंजाएवढं, नुसती खोली आणि मासळी दाखवणारं. दुकानदाराने विचारलं, होडी केवढी आणि कसली. लाकडी, जुनी, म्हटल्यावर त्याने मोठं मशीन स्वतःच बाजूला सारलं. पाण्यात आवाज सोडणारा भाग बसवायला तळाला भोक पाडावं लागेल, जुन्या फळीला ते सोसायचं नाही, असं त्याचं म्हणणं. मागे बसवला तर पंख्याच्या फेसात आवाज हरवतो. म्हणून मी छोटं मशीन घेतलं, आवाजाचा भाग लोखंडी नळीला बांधला आणि नळी होडीच्या कुशीला, हवी तेव्हा वर उचलता येईल अशी. आपण पंधरा वाव, म्हणजे नव्वदेक फूट, खोल पाण्याच्या पलीकडे जातोच कुठे? तेवढ्याला ते पुरतं. हे मशीन बघत नाही, असं दुकानदाराने समजावलं. ते हाक मारतं आणि परत आलेली हाक ऐकून चित्र काढतं. उजवीकडे आत्ताचं, डावीकडे मघाचं.

तुम्ही दोरीला शिसं बांधून तळ बघायचात. शिशाच्या खालच्या खळग्यात साबण दाबलेला असायचा. वर ओढलं की साबणाला चिकटलेली रेती नाहीतर चिखल बघून तुम्ही जाळं सोडायचं की नाही ते ठरवायचात. आणि एक जागा अशी होती, दोन खडपांच्या भायर, समुद्रातल्या त्या खडकांपलीकडे, जिथे माझ्यादेखत तुम्ही कधीच जाळं सोडलं नाही. मी बारा वर्षांचा असेन. तुम्ही इंजिन बंद केलंत, वल्हं पाण्यात उभं धरलंत आणि त्याच्या टोकाला कान लावून बसलात. ढोमे मासे पाण्याखाली ठोक्यासारखा आवाज करतात, तसा कान लावून त्यांचा थवा ओळखता येतो हे मला ठाऊक होतं. पण तुम्ही खूप वेळ बसला होतात, डोळे मिटून. मी विचारलं, ढोमे आहेत तर जाळं का नाही सोडायचं? तुम्ही वल्हं खाली ठेवलंत. "हय जाळां सोडूचा नाय. आणि हयचा घराक जावन बोलूचा नाय." तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत, त्या दिवशीही नाही. म्हणूनच मी घाबरलो. तुमच्या मागे इतकी वर्षं मीही तिथून वळसा घालून जात राहिलो.

या माघात मासळीच नव्हती. आपला जुना खलाशी, चर्चच्या मागे राहणारा, तुमच्या शेवटच्या वर्षांत तुमच्याबरोबर असलेला, अजून माझ्याबरोबर येतो. एक दिवस वारा पडला होता, पाणी तेलासारखं. सकाळचे दहा वाजले असतील. परतताना त्याने सुकाणू त्या जागेकडे वळवलं आणि मी त्याला अडवलं नाही. पडद्यावर सपाट चिखल चालला होता, अकरा वाव. मग तळ उचलला गेला. हळूहळू नाही, एकदम. लांबट, कडक काहीतरी, एका टोकाला गोळा, आणि त्याच्यावर मासळीचे इतके ठिपके की मधलं पाणी दिसेना. खडक असेल म्हणून मी होडी फिरवून पुन्हा वरून नेली, मग आडवी नेली. आडवं गेल्यावर ते अरुंद दिसलं. लांबीला आपल्या होडीपेक्षा थोडंसं कमी. टोकाचा गोळा म्हणजे इंजिन, हे खलाशाला माझ्याआधी कळलं. त्याने छातीवर क्रूस काढला.

काका, तुमचा धाकटा भाऊ, स्वतःच्या होडीतून एकटाच जाळी उचलायला गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत तुम्ही सगळे शोधत फिरलात आणि एक फळीसुद्धा मिळाली नाही. घरात तेव्हापासून एवढंच बोललं गेलं, की तो भायर, लांब गेला.

मी इंजिन बंद केलं. वल्हं पाण्यात उभं केलं आणि कान लावला. आधी काहीच नव्हतं. मग ठोका आला. थांबून पुन्हा, दोन. लाकडावर आतून कुणी मुठीने ठोकावं तसा. खलाशाला कान लावायला सांगितलं, तो ऐकून म्हणाला, "ढोमे ते." मी पडद्याकडे बघितलं. मघाची मासळी पांगली होती, वरचं पाणी रिकामं होतं, एक ठिपका नाही. ठोका चालूच होता. त्याने वल्हं माझ्या हातातून काढून घेतलं.

तरीही आम्ही परतताना गरी टाकली, आबा. त्या जागेच्या कडेला. दोन तांबोशी लागल्या, मोठ्या. मी एक घरी नेली. काकी चुलीकडे बसली होती, कपाळाला नेहमीचं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. तिने तांबोशी उलटीसुलटी केली, आणि सुरी न लावता बाजूला ठेवली. हल्ली एवढी तांबोशी जवळपास मिळत नाही, जिथे कुणी जाळं टाकत नाही अशाच जागी मिळते, हे तिलाही कळतं. "खंयसून हाडलंस?" तिने विचारलं. मी खडपांचं नाव घेतलं नाही, पण तिने माझ्या तोंडाकडे बघितलं तेवढं तिला पुरलं.

मग तिने जे सांगितलं ते तुम्ही मला सांगायला हवं होतंत. काका गेल्यावर दोन महिन्यांनी तुमचं शिसं तिथे चिखलात न रुतता टणकन लागलं, आणि वर आलेल्या साबणाला निळा रंग चिकटला होता. काकाच्या होडीचा निळा. तो साबण तुम्ही फडक्यात बांधून आधी तिच्याकडे आणलात. "मियाच त्येंका सांगलंय, सासूक सांगू नकात," काकी म्हणाली. "म्हातारी रोज त्याच्या वाटणीची भाकरी थापी. आणि माका कुंकू पुसूचा नव्हतां." तुम्ही दरवर्षी तिथे जाऊन वल्ह्याला कान लावायचात आणि घरी येऊन तिला एवढंच सांगायचात, की शांत आहे. ती तेवढ्यावर वर्ष काढायची. तुम्ही गेल्यावर तिला सांगायला कुणी उरलं नव्हतं.

तिने पदराने हात पुसले. माझ्या मशीनबद्दल तिने वाडीत ऐकलं होतं, पाण्याखालचं सगळं दिसतं असं. तिने फक्त एक विचारलं. "होडी उभी आसा, काय आडवी पडली?"

आबा, त्या पडद्यावर ते कळत नाही. एक लांबट उंचवटा दिसतो, आणि इतक्या वर्षांनी किड्याने लाकूड ठेवलं असेल की नाही तेही कळत नाही. मी तिला म्हटलं, "उभी आसा, काकी. सरळ, किनाऱ्याकडे तोंड करून." तिने मान हलवली. ती तांबोशी तिने स्वतः नेऊन पाण्यात सोडली, मेलेली, आणि येऊन आमच्यासाठी पेज ठेवली.

तुम्हीही तो ठोका ऐकला होतात का, आणि तिला शांत आहे म्हणालात का, हे विचारायला लिहायला बसलो होतो. हा कागद कुठे पाठवायचा नाही, तेव्हा खरं लिहितो. परवा काकीने मला पुन्हा तिथे जाऊन कान लावून यायला सांगितलं. मी खाडीच्या तोंडापर्यंतच गेलो, तासभर तिथेच नांगर टाकून बसलो, आणि घरी येऊन म्हटलं, शांत आसा.