हिरव्या कपाटाची किल्ली आणि सोफ्यावरचे भावजी

रविवार, २८ एप्रिल

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बी.पी. वाढलंय, ओरडणं बंद करा, राग आला की वहीत लिहा. दोनशे पानी वही आणली. लेक म्हणाली, एकच?

आज चर्चमध्ये पाळकसाहेबांनी जाहीर केलं, मुलांची उन्हाळी बायबल शाळा सहा मेपासून. सकाळी नऊ ते बारा, दहा दिवस. दरवर्षी घेणारी ऑर्गनवाली बाई किल्ली साहेबांच्या हातात देऊन लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली. आता वय झालं म्हणाली. साहेबांचं वाक्य संपायच्या आत मी हात वर केला. साहेबांनी तीनदा विचारलं, आणखी कोणी आहे का, नीट विचार करा, खरंच कोणी नाही का. सगळे गप्प. सगळ्यांचा माझ्यावर केवढा विश्वास.

शाळा नीट पार पाडणाऱ्याला मुलांच्या विभागाचं प्रमुखपद कायमचं. म्हणजे मागच्या खोलीतल्या हिरव्या कपाटाची किल्ली. तेरा वर्षं मी त्या खोलीची फरशी पुसते आहे. कपाटात काय आहे ते मला कोणी दाखवलेलं नाही.

निश्चय: ओरडायचं नाही. घरचं घरी, चर्चचं चर्चमध्ये.

बुधवार, १ मे

धाकटे भावजी आले. एक बॅग आणि एक काचेची माशांची टाकी, रिकामी. शोभेच्या माशांचं दुकान बुडालं म्हणे. त्याआधी छत्र्यांचं बुडालं होतं. आमचे हे ड्यूटीवरून येताच दारातच भावाच्या गळ्यात पडले. हॉटेलातून अख्खी भाजलेली कोंबडी आणली. लग्नाच्या वाढदिवसाला मला फरशी पुसायचा दांडा आणला होता.

मी भावजींना सरळ विचारलं, किती दिवस राहणार. म्हणाले, बघू वहिनी. बघू हा आकडा नाही.

ते सोफ्यावर आडवे झाले. आतून टण्‌ आवाज आला. वहीत लिहिलं. ओरडले नाही. फक्त शेजारीण खिडकीत येऊन गेली, ती तशीही येते.

सोमवार, ६ मे

पहिला दिवस. सदतीस मुलं. पाळकसाहेबांनी दिलेली गोष्टींची पुस्तिका मी घेऊन बसले. मी चौथी शिकलेली, पण सांगायला लागले की थांबत नाही. जग निर्माण करण्यापासून उधळ्या मुलापर्यंत सगळ्या गोष्टी दहा वाजून दहा मिनिटांनी संपल्या. देवाला नुसतं जग करायला सहा दिवस लागले होते.

उरलेली एक तास पन्नास मिनिटं मुलांना हाताची घडी, तोंडावर बोट. हेही शिक्षणच आहे.

मधे घरून फोन. भावजी विचारत होते, वहिनी, चहापत्ती कुठे. मी शांतपणे सांगितलं, डाव्या डब्यात. चर्च आमच्याच गल्लीत. समोरचा न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून बघायला आला, सगळं ठीक आहे ना.

घरी लेकीने पुस्तिका पाहिली. म्हणाली, आई, रोज एकच गोष्ट सांगायची होती, दहा दिवस, दहा गोष्टी. मी म्हटलं, हे पहिल्या पानावर छापायला नको? ती म्हणाली, छापलंय. बारीक अक्षरात छापणाऱ्यांचं काही खरं नाही.

मंगळवार, ७ मे

हस्तकला. कापसाची मेंढरं चिकटवली. एक मेंढरू खुर्चीला चिकटलं, एक माझ्या चष्म्याला. एक पोरगा दिसेल त्याला चावतो. त्याचं नाव चावरा ठेवलं. त्याच्या आईला बोलावून सांगितलं, घरी याला खायला घालत जा. बाईचा चेहरा पडला. स्पष्ट बोलणारी माणसं लोकांना झेपत नाहीत.

भावजींचे दोन फोन. साखर. गाळणं.

बी.पी. एकशे साठ. मशीन बिघडलंय.

बुधवार, ८ मे

बावीस मुलं आली. ज्यांना खरंच शिकायचंय तेच उरले. गव्हातून खडे निघाले.

पाण्याचे जार उचलायला कोणी नाही, म्हणून भावजींना बरोबर नेलं. निदान तेवढा वेळ सोफ्याला आराम. त्यांना दाराजवळच्या स्टुलावर बसवलं आणि बजावलं, मुलांशी बोलायचं नाही. नाही बोलले. बसल्या बसल्या जुन्या वर्तमानपत्राचे मासे दुमडत होते. मुलं सारखी पाणी प्यायला जात होती. एकेक पोर चौदा-चौदा वेळा. उकाडा फार.

शुक्रवार, १० मे

मोठ्या कार्यक्रमासाठी नाटक बसवायचं ठरवलं. एकोणीस तारखेला, आईबाप आणि अख्ख्या मंडळीसमोर. नाटक बघितलं की साहेब किल्ली काढणारच.

उधळ्या मुलाची गोष्ट निवडली. मुलांना पुन्हा सांगितली, या वेळी सावकाश. एका बापाला दोन मुलगे. धाकट्याने आपला वाटा मागून घेतला, परदेशी जाऊन उडवला, डुकरं राखायची वेळ आली तेव्हा घर आठवलं. बाप धावत गेला, मिठी मारली, बोटात अंगठी घातली, पोसलेलं वासरू कापून सगळ्यांना जेवण दिलं. थोरला शेतातून दमूनभागून येतो तर घरात गाणीबजावणी. तो आत जाईना. बाप बाहेर येऊन समजूत घालायला लागला. थोरला म्हणाला, इतकी वर्षं राबतोय, मला कधी एक करडू तरी दिलंत का?

पुस्तिकेत याचा अर्थ क्षमा वगैरे दिला आहे. मी मुलांना खरा अर्थ सांगितला. थोरला बरोबर होता. ज्याला घर चालवावं लागतं त्यालाच कळतं.

एक सहा वर्षांची पोरगी आहे, प्रश्नवाली. तिने विचारलं, मग थोरला शेवटी आत गेला का? मी पुस्तिका उलटीपालटी केली. पुढे काहीच दिलेलं नाही. मी सांगितलं, नाही गेला, त्याला कामं होती. ती म्हणाली, मग गोष्ट संपली कशी?

भावजी दाराशी हसत होते. त्यांच्याकडे पाहिलं. माशाला शेपूट करायला लागले.

सोमवार, १३ मे

एकेचाळीस मुलं. गेलेली सगळी परत आली, वर चार नवी. माझ्या शिस्तीची कीर्ती पसरली आहे.

आज वादळ शांत झाल्याची गोष्ट घ्यायची होती. तेवढ्यात लेकीचा फोन, मोरीचा नळ तुटला, पाणी थांबत नाही. मागच्या खोलीत जाऊन तिला, मग प्लंबरला, मग ड्यूटीवर असलेल्या यांना तासभर फोनवर धरलं. परत आले तर हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल. एकेचाळीस पोरं जमिनीवर गोल करून बसलेली. मधे भावजींची काचेची टाकी, घरून कधी आणली कोण जाणे, पाण्याने भरलेली, त्यात कागदाची होडी, आणि भावजी हाताने पाणी हलवत होते. मी खोलीत नसतानाही माझा एवढा वचक.

फरशी ओली केली म्हणून भावजींना झापलं. मुलांनी मिळून पुसली. पोसलेल्या वासरावाणी बसून राहायची सवय मोडली त्यांची, मीच मोडली.

बुधवार, १५ मे

नाटकाची तालीम. बापाचं काम चावऱ्याला दिलं, त्याचा आवाज मोठा आहे. पण मिठी मारताना चावतो. म्हणून मिठी काढून टाकली. मिठीच्या जागी संवाद घातला. खरे आईबाप काय बोलतात तेच लिहून दिलं, उगाच पुस्तकी नाही. थोरल्याचं काम सगळ्यात मोठं ठेवलं, पाच मिनिटांचं भाषण. धाकट्याला एकच वाक्य, चुकलो.

पाळकसाहेब येऊन गेले. मुलांना विचारलं, शाळेत सगळ्यात जास्त कोण आवडतं? एकेचाळीस बोटं दाराकडे गेली. मी तेव्हा दारातच उभी होते, भावजींच्या स्टुलाला लागून. डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनीही पाहिलं, हसले, मान हलवली.

किल्ली आपलीच.

शनिवार, १८ मे

केक सांगितला. मोठा, दीडशे जणांना पुरेल असा.

भाषण तयार केलं. मी याला लायक नाही, अशी सुरुवात. मग तेरा वर्षांतली सगळी कामं, तारखांसकट. आरशासमोर किल्ली स्वीकारायचा सराव केला. लेक म्हणाली, उजव्या हाताने घे, डाव्यात रुमाल राहू दे, रडशील. मी रडत नसते.

आमच्या यांना सांगितलं, उद्या पहिल्या रांगेत बसा, ताठ. भावजींना सांगितलं, उद्या पाणी वाटा आणि जाकीट घाला. म्हणाले, जाकीट दुकानाबरोबर गेलं, वहिनी. यांनी लगेच आपलं नवं काढून दिलं. मी धुवून इस्त्री केलेलं.

बी.पी. मोजलं. मशीन आता फारच बिघडलंय.

रविवार, १९ मे, दुपारी १२.२०, चर्चच्या मागच्या नळापाशी

वही पिशवीतच होती. लिहिते, नाहीतर काहीतरी फोडेन.

नाटक झालं. धाकटा दारातून आला. चावरा कमरेवर हात ठेवून पुढे झाला आणि अख्ख्या मंडळीसमोर माझ्या आवाजात म्हणाला, आलास? चपला बाहेर. किती दिवस राहणार? बघू हा आकडा नाही. सोफ्यावर आडवा होऊ नकोस. इथपर्यंत मी लिहून दिलेलं. त्यापुढे, चहापत्ती डाव्या डब्यात आहे, डाव्या, डावा हात कळतो का तुला, आणि पुन्हा फोन केलास तर गाळण्याने मारीन. हे मी लिहिलं नव्हतं. कुठून ऐकलं देव जाणे.

लोक हसायला लागले. न्हावी तर उभा राहून हसत होता, तो आमच्या चर्चचाही नाही. आमचे हे वर पंख्याकडे बघत होते. भावजी पाण्याचा जार धरून इतके हसले की डोळे पुसायला लागले.

मग चावऱ्याने सगळ्यांच्या देखत धाकट्याला मिठी मारली. घट्ट. चावला नाही. मी ती मिठी स्वतः काढून टाकलेली होती. मुलांना कोणी शिकवली विचारलं, तर सगळी बोटं पुन्हा दाराकडे. या वेळी मी दारात नव्हते.

थोरल्याचं भाषण ऐकायला कोणी थांबलंच नाही. टाळ्या सुरू झाल्या.

साहेबांनी माझे आभार मानले. माझी जिद्द, म्हणाले. मी रुमाल डाव्या हातात घेऊन उठले. मग म्हणाले, आणि मुलांच्या विभागाची जबाबदारी. आणि भावजींना हाक मारली. एकेचाळीस पोरं किंचाळली. साहेबांनी किल्लीची कडी भावजींच्या बोटात घातली. माझ्या यांचं नवं जाकीट घालून उभे होते. आयत्या बिळावर नागोबा.

मी उभीच होते. उगाच उभी दिसू नये म्हणून ग्लास गोळा केले आणि इथे आले. आत ढोलकी वाजतेय, गाणी चाललीत. मी इथे दीडशे ग्लास धुतेय. धुवायला कोणीतरी हवंच की.

१२.४५

साहेब स्वतः बाहेर आले. म्हणाले, बाई, आत चला, तुमच्याशिवाय केक कसा खायचा. मी सरळ सांगितलं, तेरा वर्षं राबतेय, एक किल्ली कधी दाखवली नाहीत, आणि हा कालचा आला, सगळं उडवून, त्याला कडी, जाकीट, केक.

साहेब म्हणाले, बाई, हे तुम्हीच मुलांना शिकवलंत ना? मी म्हटलं, काय? ते हसू दाबत आत गेले. पाळकाने असं हसू नये.

१ वाजता

प्रश्नवाली आली. नळापाशी उकिडवी बसली. मॅडम, थोरला आत गेला का? मी म्हटलं, सांगितलं ना, त्याला कामं आहेत. तिने ग्लास मोजले. म्हणाली, हे तुम्ही दोनदा धुतलेत.

आत गेले.

केक संपला होता. दीडशे माणसांचा केक. भावजी म्हणाले, वहिनी, तुमचा तुकडा जपून ठेवलाय, कुलपात. आणि मागच्या खोलीत नेऊन हिरवं कपाट उघडलं. किल्ली चार वेळा उलटी घातली. तेरा वर्षांनी मी आत पाहिलं. तीन सुकलेली स्केचपेनं, ऑर्गनवालीची मोडकी छत्री, आणि माझा केक.

आयसिंग फार गोड होतं. खाल्लं.

सोमवार, २० मे

भावजी म्हणाले, पुढच्या वर्षी तुम्ही मदतीला या, वहिनी, फक्त एक अट आहे, ओरडायचं नाही. मी म्हटलं, मी कधी ओरडले? समोरून न्हाव्याने मान बाहेर काढली.

मग एक घाव दोन तुकडे करायचे म्हणून स्पष्ट विचारलं, आता तरी नक्की सांगा, आणखी किती दिवस राहणार आहात. या वेळी बघू म्हणाले नाहीत. म्हणाले, पुढच्या मेपर्यंत तरी हलता यायचं नाही, वहिनी. किल्ली आहे ना माझ्याकडे.

आणि सोफ्यावर आडवे झाले.

दुसरी वही आणायला लेकीला पाठवलंय.