न लागणारी उपकरणं

३ मार्च
आले एकदाची! घर राखायचं काम, टेकडीवरच्या दोन नेटक्या खोल्या. अगदी आमच्या शाळेचं वसतिगृह. वीज छपरावरच्या सौरपट्ट्यांची, तीही बेताची. मालकीणबाई जाताना म्हणाल्या, लॅपटॉप खुशाल वापरा, पण बॅटरी जपा. रोजनिशी यावरच टाइप करतेय. रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल. दिवस भरत आलेत तिचे. जीव तिकडेच आहे.

४ मार्च
बॅटरी दोन तासांत संपली. उतारावरच्या दुकानातून जावयांना फोन केला. ते हसून म्हणाले, आई, एवढं सगळं चालू ठेवायला तुम्ही काय हेरखात्यात आहात का? हार्डवेअरच्या यादीत जा आणि लागत नाही ते सगळं बंद करा. ब्लूटूथ बंद केलं, बोटाचा ठसा घेणारं यंत्रही. बॅटरी तासभर जास्त टिकली! शाळेत सिस्टर शेवटच्या मुलीला सगळे दिवे मालवायला लावत. ती मुलगी बहुधा मीच असे.

५ मार्च
चहा गरम की गार, कपाला हात लावून कळेना. बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत, रेषाच नाहीत. वय झालं, दुसरं काय. मायक्रोफोन बंद केला. कॉलच्या वेळी चालू करीन.

६ मार्च
पोस्टमनने हाक मारली. ओ द्यायला तोंड उघडलं, आवाजच नाही. घसा दुखत नाही.
मायक्रोफोन चालू करायला गेले, तर बोटाचा ठसा मागतोय. तो कुठून आणू?
घाबरायला हवं होतं मी.

७ मार्च
कॅमेरा मी बंद केलेला नाही. यादीत त्याच्यापुढे आपोआप आलंय: वापर नाही, बंद. आरशात मागची खुर्ची दिसते. मी नाही.

८ मार्च, रविवार
लेकीचा कॉल लागला. कुशीत बाळ. काल पहाटे मुलगी झाली.
ती विचारत होती, आई, दिसत का नाहीस, बोल ना गं. जावई म्हणाले, नेटवर्क असेल. तिने बाळाचं तोंड स्क्रीनजवळ आणलं. नाक माझ्यासारखं आहे. रडू यायला हवं होतं —
आत्ता स्पीकर गेला. तिचे नुसते ओठ हलताहेत. कॉल बंद करायला तिचा हात पुढे येतोय —
यादीत कीबोर्डपुढेही उमटतंय, वापर नाही. पण मी टाइप करतेय, हे बघ, बाळा, मी इथेच आहे, समोरच, तू ठेवू न