नवरंगासाठी आळ्या

२९ मे, गुरुवार
सकाळी मोरीपाशी एक पक्षी पडलेला. हिरवी पाठ, पोटाखाली लालभडक. मोबाइलवर ताडून पाहिलं : नवरंग. दक्षिणेकडून जंगलाकडे परतताना थकून असे खाली उतरतात म्हणे. खोक्यात ठेवला.

सासूबाई : "पाखरूच ते. जोंधळं टाक की म्होरं." टाकले. शिवला नाही. मी ड्रॉपरने चोचीत साखरपाणी सोडलं. ठसकल्यासारखा झाला.

३० मे, शुक्रवार
पक्ष्यांची माहिती असलेल्या एका सरांना फोन. ते नातेपुत्याला लग्नात, रविवारी संध्याकाळी येतील. "दाणे नाही खात तो. किडे, आळ्या, गांडुळं. जिवंत. आणि चोचीत पाणी घालू नका, फुप्फुसात जातं."
काल घातलं, हे सांगितलं नाही. का?

अंगण खणलं. माती विटेसारखी. घरात तर एक आळी नाही; माझे डबे स्वच्छतेसाठी गल्लीत नावाजलेले.
शेवटी दारोदार : "किडलेलं काही आहे का हो?"
एकीने दार लावून घेतलं. कमलाक्का (शेंगाचटणी करून विकतात) कमरेवर हात ठेवून : "माज्या घरात किडं? सोच्चतेच्या विन्स्पेक्टर झालात का मॅडम?"

नवरंग डोळे मिटून. छाती नुसती धपापतेय.

३१ मे, शनिवार
उजाडताच मागच्या दारी कमलाक्का. पदराखाली डबा. जाळी धरलेले शेंगदाणे, आळ्या वळवळणाऱ्या.
"कुणाला बोलला तर माजी चटणी बसली बगा."
चिमट्यात आळी धरून हलवली. बघेना. मग गिळली. आणखी एक. सासूबाई टाळ्या पिटत : "गिळलं की गं!"

दुपारी डोक्यात आलं : दाण्यांना कीड मारायची पावडर लावली असेल तर? विचारणं म्हणजे तिच्या चटणीवरच बोट. तरी गेले.
"पावडर लावली असती तर आळ्या जगल्या असत्या व्हय?" हसली. मग : "…आळ्या दिसल्यावर मारली जरा. तुमचे दाणे आदी काडले का मागनं, आटवंना वो."

आळ्या पाण्यात धुतल्या. त्याने काय होणार.

संध्याकाळी
नवरंग एक पाय ओढतोय. कालही ओढत होता का? बघितलंच नाही नीट.
दुसरं काही मिळालं नाही. गांडुळं वर येतील म्हणून खोदलेल्या खड्ड्यात पाणी ओतून ठेवलंय. एक मुंगी आली.
सर उद्या संध्याकाळी. तोवर उपाशी ठेवू, की हे देऊ?

खोक्यात टकटक. परवापासून पहिल्यांदाच स्वतःहून मागतोय.
डबा समोर. चिमटा धुऊन ठेवलाय.